डर्बी ०-१ : ८४व्या मिनिटाचा तो कॉर्नर

चौथी रांग (धागाकर्ता)

तळाच्या संघाकडून तीन गोल खाल्ले तरी माणूस दोन दिवसांत सावरतो. यांच्याकडून, म्हणजे शेजारच्याच कट्टर फुटबॉल संघाकडून, एका गोलानं हरलं की आठवडाभर जेवण गोड लागत नाही. ८३ मिनिटं चेंडू आपल्याकडे, मैदान आपलं, आवाज आपला, आणि एका कॉर्नरवर सगळं गेलं.

सामन्याच्या धाग्यावर रात्री नुसत्या शिव्या चालल्या होत्या. हा धागा त्यासाठी नाही. माझे तीन प्रश्न आहेत, जाणकारांनी नीट उत्तरं द्यावीत.

१. त्यांचा दहा नंबर आपल्या गोलकीपरच्या अंगावर उभा होता. फाउल का नाही दिला?
२. गोल करणारा पाच नंबर इतका मोकळा कसा सुटला?
३. ८१व्या मिनिटाला नऊ नंबरला बाहेर काढणं बरोबर होतं का?

कॉर्नर दिला म्हणून डाव्या फुलबॅकवर (आपला तीन नंबर) घसरणाऱ्यांनी दुसरा धागा काढावा. पोरगं १९ वर्षांचं आहे.

तांबडा मफलर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. रेफ्री घाबरला. पाच मीटरच्या चौकटीत गोलकीपरला हात लावला की फाउल, एवढं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

शिट्टी

मफलर, राग समजतो, पण असा नियमच नाही. गोलपासून ५.५ मीटरपर्यंतची जी छोटी चौकट असते, तिच्यात गोलकीपरला कुठलंही जादा संरक्षण नाही. ही समजूत इतकी पसरली आहे की समालोचकही बिनदिक्कत बोलून जातात. ती चौकट गोलकिक कुठून घ्यायची यासाठी आहे. संरक्षण आहे ते चेंडू हातात असताना. तेव्हा त्याच्याकडून चेंडू हिसकता येत नाही आणि त्याला तो सोडण्यापासून अडवताही येत नाही.

कॉर्नरच्या वेळी गोलकीपर इतर खेळाडूंसारखाच. नियम १२ प्रमाणे मैदानावर जो जिथे उभा आहे, तिथे उभं राहायचा त्याला हक्क आहे. वाटेत असणं हा गुन्हा नाही, वाटेत येणं हा गुन्हा आहे. म्हणजे चेंडू आवाक्यात नसताना समोरच्याची वाट अडवायला सरकलात तर फाउल. धक्का नसेल तर इनडायरेक्ट फ्रीकिक, धक्का असेल तर डायरेक्ट.

आता गोलच्या मागच्या कॅमेऱ्यातून बघा. दहा नंबर किक घ्यायच्या आधीपासून तिथेच उभा आहे. हात खाली, छातीजवळ. किक झाल्यावर तो अर्धं पाऊलही मागे आलेला नाही. उलट आपलाच गोलकीपर त्याच्या पाठीवर दोन्ही हात टेकवून जागा करू बघतोय. यात रेफ्रीनं फाउल दिला असता तर तो आपल्या नशिबाचा भाग होता. आणि व्हीएआर (व्हिडिओवरून निर्णय तपासणारा रेफ्री) मध्ये पडतो ते ढळढळीत चूक असेल तरच. ही तशी नाही.

तांबडा मफलर

मग ऑफसाइड? तो दहा नंबर गोललाइनच्या इतका जवळ होता. गोलकीपरला चेंडू दिसला तरी असेल का?

शिट्टी

हा प्रश्न जास्त चांगला आहे, कारण इथे खरंच तपासायला लागतं. कॉर्नरवरून चेंडू थेट आला तर ऑफसाइड नसतो. गोलकिक आणि थ्रो-इनलाही तसंच. पण त्यांच्या चार नंबरनं निअर पोस्टला (कॉर्नरच्या बाजूच्या खांबापाशी) डोकं लावलं, त्या क्षणी ही सूट संपली आणि घड्याळ नव्यानं सुरू झालं. आता बघायचं की त्या स्पर्शाच्या वेळी कोण कुठे होतं.

गोल करणारा पाच नंबर चेंडूच्या मागे आहे. चेंडूच्या मागे असलेल्याला ऑफसाइड नसतो, विषय संपला. दहा नंबर मात्र चेंडूच्या पुढे, गोललाइनजवळ. तो गोलकीपरची नजर अडवतोय असं धरलं तरी आधी तो ऑफसाइड जागेवर असायला हवा, आणि तिथेच आपण अडकलो. आपला चार नंबर फ्लिक होताना मागे पळत जवळपास लाइनवर पोचलाय. गोलकीपर आणि तो असे दोघं दहा नंबरच्या बरोबरीला किंवा मागे. बचावाचे असे दोघं असले की पुरतं, म्हणजे दहा नंबर ऑनसाइड. व्हीएआरला दोन मिनिटं लागली ती याच रेषेसाठी असावीत.

निअर पोस्ट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, जरा लांबेल. रेफ्रीचा विषय शिट्टीनं मिटवलाय, त्यामुळे आता आपल्याच घरात बघू.

आपण कॉर्नरवर मिश्र पद्धत वापरतो. थोडे झोनल (जागा राखणारे), थोडे मॅन-मार्किंग (एकेका खेळाडूला धरणारे). या हंगामात रचना अशी आहे: छोट्या चौकटीच्या रेषेवर चौघं, निअर पोस्टसमोर नऊ नंबर, मध्ये चार आणि पाच नंबर, फार पोस्टला (पलीकडच्या खांबापाशी) दोन नंबर. त्यांच्या पुढे तिघं मार्किंगला, म्हणजे सहा, आठ आणि तीन. बॉक्सच्या तोंडाशी दहा. शॉर्ट कॉर्नर अडवायला अकरा. वर सात, काउंटरसाठी, म्हणजे उलट हल्ल्यासाठी. झाले दहा.

यातली सर्वांत महत्त्वाची जागा कुठली? लोकांना वाटतं मधली. ती नव्हे, निअर पोस्टसमोरची. आत वळणारा कॉर्नर पहिल्यांदा तिथून जातो. कॉर्नरच्या कोपऱ्यापासून निअर पोस्ट साधारण ३० मीटर. तेवढं अंतर जोरात मारलेला चेंडू दीड सेकंदाच्या आसपास कापतो. त्या दीड सेकंदात तिथल्या माणसानं चेंडू बाहेर काढला, तर मागे कोण मोकळा, कोण कुणाच्या आड, याला काही अर्थ उरत नाही. म्हणूनच तिथे आपला सगळ्यात उंच माणूस ठेवला होता, आणि तो योगायोगानं स्ट्रायकर आहे. इंग्लंडमध्येही कितीतरी संघ स्ट्रायकरलाच तिथे उभा करतात. त्याला हवेत चेंडूकडे झेपावायची सवय असते.

८१व्या मिनिटाला नऊ गेला, सतरा आला. सतरा विंगर. वेगवान, ठेंगणा. ८४व्या मिनिटाला तो कुठे उभा आहे? नऊच्याच जागी. जसा खेळाडू बदलला तशी जागा आपोआप त्याच्या नावावर चढली.

आता तो क्रम संथ करून बघा:

चार नंबर (त्यांचा) पेनल्टी स्पॉटवरून धावत येतो. सतरा जागेवर उभा आहे. पळत येऊन उडी मारणारा आणि उभ्यानं उडी मारणारा यांच्यात उंची सारखी असली तरी पहिला वर जातो. इथे तर उंचीही सारखी नाही. चार नंबरला चेंडू गोलमध्ये मारायची गरजच नव्हती, नुसतं डोकं लावून मागे सरकवायचं होतं.

त्याच वेळी त्यांचा सहा नंबर आपल्या चौदाच्या वाटेत येतो. चौदा पाच नंबरला मार्क करतोय. आठच्या जागी आल्यावर ते काम त्याच्याकडे आलं. सहा नंबरची हालचाल बघा, तो चेंडूकडे बघतच नाही. पाठ चेंडूकडे, छाती चौदाकडे. शिट्टी, फाउल असेल तर तो इथे आहे, गोलकीपरवर नाही.

पाच नंबर त्या आडोशातून वळसा घालून फार पोस्टला. तिथे आपला दोन नंबर असायला हवा. पण दोन चेंडूकडे बघत दोन पावलं आत सरकलाय. झोनलमध्ये हा जुना आजार आहे. चेंडू निअर पोस्टला गेला की अख्खी रांग तिकडे ओढली जाते आणि शेवटचा माणूस आपली जागा सोडतो. पाच नंबरनं चार-पाच मीटरवरून रिकाम्या गोलमध्ये डोकं लावलं.

म्हणजे तीन ठिकाणी गळती: निअर पोस्ट, ब्लॉक (चौदाची अडवलेली वाट), फार पोस्ट. पण पहिली बुजवली असती तर उरलेल्या दोन कुणाला दिसल्याही नसत्या.

शिट्टी

त्यांच्या सहा नंबरवर सहमत. तो फाउल आहे असंच माझं मत. चेंडू आवाक्यात नाही, तो सरकतोय आणि अंगाला अंग लागलंय. नियमानं बचाव संघाला डायरेक्ट फ्रीकिक. पण तो मिळत नाही, कारण रेफ्रीची नजर गोलकीपरभोवतीच्या गर्दीवर असते आणि हा ब्लॉक बॉक्समध्ये मागे, दहा-अकरा मीटरवर होतो. त्यांनी दहा नंबरला गोलकीपरपुढे उभं केलं त्याचा अर्धा फायदा हाच. सगळ्यांचं लक्ष तिकडे.

चौथी रांग

वा, असं काही हवं होतं. एक शंका. फार पोस्टला खांबाला चिकटून एक माणूस असता, जुन्या पद्धतीनं, तर तो हेडर लाइनवर अडला नसता का?

निअर पोस्ट

अडला असता, कदाचित. पण तो माणूस आणायचा कुठून? दहाच आहेत. रांगेतला काढलात तर मध्ये भगदाड, मार्किंगमधला काढलात तर त्यांचा एक उंच माणूस मोकळा, वरचा सात खाली आणलात तर त्यांचे दोन बचावपटू निर्धास्त पुढे येणार. शिवाय खांबाजवळ माणूस ठेवला की बॉक्समधले सगळे ऑनसाइड. कॉर्नरवर पहिला चेंडू बाहेर गेला आणि आपण धावत पुढे सरकलो, तरी तो एक जण लाइनवर राहिला की ऑफसाइडचा सापळा फुटला. खांबावर माणूस ठेवणं कमी झालं ते यामुळेच. तरी निअर पोस्टला ठेंगणा माणूस असेल, तर मी एका खांबाजवळ माणूस ठेवीन. रचना माणसांवर ठरते, पाटीवर नाही.

टचलाइन

तिसरा प्रश्न माझा. नऊला काढणं चुकलं असं मी म्हणणार नाही. ७५व्या मिनिटापासून तो चालत होता, त्यांचे सेंटर-बॅक चेंडू आरामात खेळत होते. ताजे पाय हवेच होते. चुकलं ते पुढचं.

खेळाडू आत जाण्याआधी सहायक कोच त्याच्यापुढे कागदांची फाइल धरतो. त्यात सेट-पीसची पानं असतात: आपला कॉर्नर, त्यांचा कॉर्नर, फ्रीकिकची भिंत. त्यावर प्रत्येकाची जागा. उंच माणूस बाहेर जातोय म्हटल्यावर फक्त आत येणाऱ्याला त्याची जागा सांगून भागत नाही. आतल्या दोघा-तिघांच्या जागा हलवायला लागतात. सहाला निअर पोस्टवर घ्यायचं, त्याचं मार्किंग दहाकडे द्यायचं, आणि सतराला बॉक्सच्या तोंडाशी. एकूण तीन बदल. ते मैदानावर पोचवायचं काम आत येणाऱ्याचंच असतं, तो दोघांना हातानं खुणा करतो. सतरा आत आला तेव्हा त्यानं कुणाला काही सांगितल्याचं दिसत नाही. आला तो थेट प्रेस करायला, म्हणजे चेंडूवाल्यावर दबाव टाकायला पळाला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

कोचवर माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. पाच बदल करता येतात, पण खेळ थांबवून तीनच वेळा. हाफटाइमचे त्यात धरत नाहीत. आपण ६२व्या मिनिटाला एक, ७०व्याला एक आणि ८१व्याला एक केला. तीन वेळा, तीन माणसं. दोन बदल हातात असून वाया. ८६व्या मिनिटाला डावा फुलबॅक लंगडायला लागला तेव्हा बेंचवर माणूस होता, पण संधी संपली होती. बरोबरी साधायची शेवटची मिनिटं आपण साडेदहा जणांनी खेळलो. ६२ आणि ७०चे बदल ६५ला एकत्र केले असते, तर एक संधी हातात राहिली असती. डर्बीत पायांत गोळे येणार हे ठरलेलं असतं. शेवटची संधी राखून ठेवायला हवी होती.

तांबडा मफलर

हे पटलं. दोन बदल वाया गेल्याचं रात्री कुणीच बोललं नाही.

कट-बॅक

तुम्ही सगळे गोल खाल्ला कसा यावरच आहात. गोल केला का नाही? ८३ मिनिटं ०-० ठेवलं कुणी? आपणच.

त्यांनी पहिल्या वीस मिनिटांनंतर सरळ लो ब्लॉक लावला, म्हणजे सगळे स्वतःच्या गोलजवळ दाटीनं. पाच मागे, चार पुढे, दोन रांगांमधलं अंतर जेमतेम. अशा वेळी कडेवरून उंच क्रॉस टाकणं म्हणजे त्यांना सराव देणं. त्यांचे तिन्ही सेंटर-बॅक समोर तोंड करून उभे असतात, चेंडू समोरून येतो, डोकं लावून बाहेर. आपण तेच केलं. अकरा नंबर डावीकडे चेंडू घेतो, थांबतो, आत पाहतो, मग क्रॉस. थांबला की ब्लॉक जागेवर बसतो.

लो ब्लॉक फुटतो तो गोललाइनपर्यंत जाऊन मागे सरकवलेल्या चेंडूनं. कारण तेव्हा बचावपटूचं तोंड स्वतःच्या गोलकडे असतं. धावत मागे जाणाऱ्याला धावत पुढे येणारा दिसत नाही. आणि शॉट मिळतो तो पेनल्टी स्पॉटजवळून, समोरासमोर. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. फुलबॅकनं बाहेरून पळायचं म्हणजे त्यांचा विंग-बॅक दोघांत अडकतो. आठ नंबरनं त्यांच्या विंग-बॅक आणि बाजूच्या सेंटर-बॅकच्या फटीतून आत घुसायचं. आणि दुसऱ्या मिडफिल्डरनं लगेच बॉक्समध्ये न शिरता तोंडाशी थांबायचं. हे तिसरं आपण करतच नाही. सगळे एकदम गोलच्या तोंडात, मागे सरकवलेला चेंडू घ्यायला कुणी नाही. दोनदा अकरा लाइनपर्यंत पोचला, दोन्ही वेळा चेंडू रिकाम्या जागेतून गेला.

५८व्या मिनिटाला नऊ एकटा सुटला होता, ती खरी संधी. गोलकीपर बाहेर आला, अंग मोठं केलं, पाय रुंद. नऊनं एक स्पर्श जास्त घेतला. जेवढा उशीर तेवढं गोलकीपरचं अंतर कमी आणि कोन बंद. बाहेर यायच्या आत, तो अजून पळत असताना, जमिनीलगत त्याच्या पायाजवळून मारायचा. पळणाऱ्या गोलकीपरला खाली जायला वेळ लागतो.

आकडेमोड

कट-बॅकच्या मुद्द्याला जोड. एक्सजीचे तक्ते रात्रभर फिरत होते, 'आपणच जिंकायला हवं होतं' असं लिहून. जरा जपून.

एक्सजी म्हणजे अशा जागेवरून, अशा प्रकारे मारलेला शॉट सरासरी किती वेळा गोल होतो. पेनल्टी साधारण ०.७६ ते ०.७९ धरतात. बॉक्सबाहेरचा साधा शॉट शंभरात तीन-चार वेळा आत जातो. आता लांबून वीस शॉट मारले आणि बेरीज मोठी दिसली, तरी ती एका चांगल्या संधीसारखी नसते. वीस वेळा त्यांच्या बचावाला चेंडू अंगावर घ्यायला मिळाला आणि वीस वेळा चेंडू आपल्याकडून गेला.

दुसरं, धावफलकाचा परिणाम. ०-० वर ते मागे बसले कारण त्यांना बरोबरी चालणार होती. गोल झाल्यावर आणखी मागे बसले. त्या शेवटच्या दहा मिनिटांत आपले शॉट वाढणारच. एकूण बेरीज बघू नका, ८४व्या मिनिटापर्यंतची वेगळी काढा. ५८व्या मिनिटाची संधी वगळली तर फार काही उरत नाही. एका सामन्याच्या एक्सजीवरून कोचला घालवायचं किंवा ठेवायचं, दोन्ही चूक. दहा-बारा सामन्यांचा कल बघावा.

चौथी रांग

मान्य. पण मन आकड्यांवर चालत नाही ना. समोर ते होते.

आकडेमोड

ते चालूच नये. मी तक्त्याबद्दल बोललो, दुःखाबद्दल नाही.

जुनी ढाल

अशा पराभवाचं मोल हंगामाच्या शेवटी कळतं. ३० एप्रिल २०१२, मँचेस्टर डर्बी. सिटी १, युनायटेड ०. गोल कसा? डेव्हिड सिल्वाचा कॉर्नर, व्हिन्सेंट कोम्पानीचा हेडर, हाफटाइमच्या तोंडावर. क्रिस स्मॉलिंग मार्किंगला होता, कोम्पानी त्याच्यावरून गेला. त्या हंगामात दोन्ही संघांचे ८९ गुण झाले आणि विजेतेपद गोलफरकावर गेलं, सिटी +६४, युनायटेड +५६. तो एक कॉर्नर निघाला असता, तर युनायटेडला एक गुण जास्त आणि सिटीला दोन कमी.

आणखी एक. ३ जानेवारी २०१९, सिटी २, लिव्हरपूल १. त्यात जॉन स्टोन्सनं चेंडू लाइनवरून काढला, पूर्ण पार व्हायला सुमारे ११ मिलिमीटर बाकी होते. त्या लीगमधला लिव्हरपूलचा तो एकमेव पराभव. शेवटी सिटी ९८, लिव्हरपूल ९७.

पण लिव्हरपूलनं संघ मोडला नाही. कोच तोच, पद्धत तीच. १ जून २०१९ला माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली आणि पुढच्या हंगामात ९९ गुणांनी लीग. म्हणून 'सगळ्यांना हाकला' म्हणणाऱ्यांना सांगतो, गळती कुठे आहे ते शोधा, घर पाडू नका.

तांबडा मफलर

ढालदादा, तिथे कोच क्लॉप होते. आपल्याकडे सेट-पीसवर याआधीही गोल गेलेत. निदान त्या सहायकाला तरी जाब विचारायला हवा की नाही?

जुनी ढाल

विचारायलाच हवा. पण प्रश्न नेमका हवा: नऊ बाहेर गेला तर निअर पोस्टला कोण, हे आठवडाभर सरावात ठरलं होतं का? नसेल तर दोष त्याचा. ठरलं होतं आणि मैदानावर पोचलं नाही, तर मग कॅप्टनचाही. चार आणि पाच दोघं शेजारी उभे होते. निअर पोस्टला ठेंगणा माणूस बघून एकानंही सहाला हाक मारली नाही.

हातभर थ्रो

सगळे कॉर्नरवर आलात. कॉर्नर मिळाला कसा? तो आपल्या थ्रो-इनवरून गेला. आपल्या! बचाव करताना चेंडू आपल्या हातात होता आणि बारा सेकंदांनी कॉर्नर त्यांचा.

आपल्या डाव्या कोपऱ्याजवळ थ्रो. तीननं सहाला दिला. सहाची पाठ मैदानाकडे, मागे त्यांचा माणूस चिकटलेला. सहानं एका स्पर्शात तीनला परत दिला. थ्रो टाकणारा लाइनवर असतो, एका बाजूला लाइन, दुसऱ्या बाजूला प्रेस. तीननं डाव्या पायानं लांब मारायला पाहिलं, चेंडू त्यांच्या विंगरच्या पायाला लागून उडाला, परत तीनच्या अंगावर आपटून गोललाइनबाहेर. कॉर्नर.

शिव्या पडल्या तीनला. पण त्याला पर्याय कुठला होता? अशा थ्रोवर तीन वाटा उघड्या असाव्या लागतात: लाइनच्या कडेनं पुढे पळणारा, आत येऊन घेणारा, आणि मागे सेंटर-बॅक. सात मध्यभागी उभा. दहा दूर. सेंटर-बॅक बॉक्समध्ये. एकच वाट उरली, तीही बंद. अशा वेळी लाइनच्या कडेनं जितका लांब जाईल तितका टाकायचा. चेंडू गेला तरी चालतो, तो ३० मीटर पुढे जातो आणि रांग वर सरकते. थ्रोवर थेट ऑफसाइड नाही, त्यामुळे सात अगदी पुढे उभा राहिला असता तरी चाललं असतं.

हे त्या पोराला एकट्याला कळायचं नाही. बाजूनं ओरडणारा हवा. त्याला शिव्या देणाऱ्यांनी ७१व्या मिनिटाला त्यानं लाइनवरून काढलेला चेंडूही आठवावा. नाहीतर गोल १३ मिनिटं आधीच झाला असता.

चौथी रांग

बघा, म्हणूनच सुरुवातीला लिहिलं होतं. ज्यांनी त्याच्या खात्यावर जाऊन घाण लिहिली, त्यांनी ती पुसावी. २०२१च्या युरो फायनलनंतर, पेनल्टी हुकली म्हणून, इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांना ऑनलाइन कसल्या वर्णद्वेषी शिव्या पडल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. आपल्या क्लबच्या नावावर तसलं नको.

तांबडा मफलर

शंभर टक्के. बरं, शिट्टी, शेवटचा प्रश्न. वाढीव वेळ पाच मिनिटं दाखवली. त्यांचा गोलकीपर प्रत्येक वेळी चेंडूला मिठी मारून लोळत होता. पाच कुठून आली? आठ तरी हवी होती.

शिट्टी

पाटीवरची मिनिटं ही किमान असतात. रेफ्री ती वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. सप्टेंबर २००९च्या मँचेस्टर डर्बीत किमान चार दाखवली होती, आणि मायकेल ओवेननं ४-३चा गोल केला तो सहाव्या मिनिटात, कारण मधल्या वेळात सिटीच्या गोलचा जल्लोष आणि एक बदल झाला होता. कालही पाचच्या पुढे जवळपास पाऊण मिनिट मिळालं.

व्हीएआरची दोन मिनिटं, जल्लोष, आपले तीन आणि त्यांचे बदल धरले तर माझ्या हिशेबानं सात व्हायला हवी होती. इथे तक्रार रास्त आहे. गोलकीपरचं म्हणाल, तर २०२५-२६पासून हातात चेंडू धरायची मर्यादा आठ सेकंद आहे. शेवटचे पाच रेफ्री हात वर करून बोटांनी मोजतो, आणि ओलांडली तर समोरच्या संघाला कॉर्नर. काल त्यानं एकदाही मोजलं नाही. पण आपल्या कॅप्टननं जाऊन विचारायला हवं होतं. कॅप्टनला बोलायची मुभा असते. आपले चौघं गेले आणि एकाला पिवळं कार्ड मिळालं.

कट-बॅक

आणि त्या वाढीव वेळात आपण काय केलं? सेंटर-बॅक पुढे पाठवून लांब चेंडू. लांब चेंडूला हरकत नाही, पण मग दुसरा चेंडू उचलायला बॉक्सच्या तोंडाशी तिघं हवेत. एकच होता. त्यांनी डोकं लावून काढलेला प्रत्येक चेंडू त्यांनाच मिळाला.

चौथी रांग

मग परतीच्या सामन्यात काय बदलावं? सगळं नको, दोन गोष्टी सांगा.

निअर पोस्ट

एक: सहा नंबर कायमचा निअर पोस्टवर, नऊ असो वा नसो. नऊला मध्ये घ्या. म्हणजे कुणीही बाहेर गेलं तरी पहिली जागा हलत नाही. दोन: ब्लॉक होतोय हे कळलं की मार्किंगवाल्यानं माणसाला चिकटून न पळता आत, गोलच्या बाजूनं अर्धं पाऊल राहायचं. चिकटलात की ब्लॉक लागतो. अंतर ठेवलंत तर वळसा घालता येतो.

टचलाइन

माझी एकच. बदलाची तिसरी संधी ८५च्या आधी वापरायची नाही, माणूस जखमी झाला तरच.

हातभर थ्रो

माझीही एकच. आपल्या अर्ध्यातला प्रत्येक थ्रो सातनं लाइनवर येऊन मागायचा.

चौथी रांग

उत्तम. परतीच्या सामन्याचा धागा मीच काढतो. पहिला कॉर्नर त्यांना मिळाला की कॅमेरा जवळ जाण्याआधी निअर पोस्टवर कोण आहे तेवढं बघा आणि लगेच लिहा. सहा दिसला तर आठवड्यात काम झालंय म्हणायचं.